विमानाच्या 'सायकली' पोरांना कशा सांगू? (हँगरमधले शब्द आणि आपली मराठी)

लॉकवायर

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

एकतीस वर्षं मुंबईत सांताक्रूझच्या एका हँगरात विमानं दुरुस्त केली. निवृत्त होऊन निफाड तालुक्यात गावी आलो. इथल्या शाळेच्या हेडसरांनी गाठलं, "आठवी-नववीच्या पोरांना तासभर तुमच्या कामाबद्दल सांगा." ओझरचा विमान कारखाना हाकेच्या अंतरावर, सुखोई रोज डोक्यावरून जातं. पोरांना विमानाचं अप्रूप असं नाही, पण ते उघडतं कोण आणि मिटतं कोण याची काही कल्पना नाही. मी हो म्हणून बसलो. घरी येऊन वहीत मुद्दे काढायला घेतले आणि पहिल्याच वाक्याला गाडी रुतली.

वाक्य असं होतं: "विमानाचं वय नुसतं वर्षांत मोजत नाहीत, तासांत आणि सायकलींतही मोजतात." बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कुणाच्या सायकली?"

एकदा वर जाणं आणि एकदा उतरणं मिळून एक सायकल. वर हवा विरळ असते, म्हणून आत दाब राखावा लागतो. त्या दाबाने विमानाचं धड किंचित फुगतं, खाली आलं की पुन्हा बसतं. तारेचा तुकडा मागेपुढे वाकवत राहिलं की तो जसा तुटतो, तसं या फुगण्या-बसण्याने धातू थकतो. म्हणून मुंबई-न्यूयॉर्क सोळा तास उडालं तरी सायकल एक, आणि मुंबई-गोवा तासाभराचं उड्डाण झालं तरी एकच.

हे कळायला अलोहा एअरलाइन्सचं उदाहरण आम्हाला शिकवायचे. २८ एप्रिल १९८८, हवाई बेटं, बोइंग ७३७. चोवीस हजार फुटांवर पुढच्या भागाचं छपरच उडून गेलं. एक हवाई सेविका गेली, बाकी सगळे वाचले. त्या विमानाचे तास होते ३५,४९६ आणि सायकली ८९,६८०. भागाकार करून बघा, सरासरी एक उड्डाण चोवीस मिनिटांचंसुद्धा भरत नाही. या बेटावरून त्या बेटावर, दिवसभर फुगणं आणि बसणं, वर खारा वारा. नुसते तास बघणाऱ्याला ते विमान म्हातारं वाटलंच नसतं.

आता हे 'सायकल' न म्हणता कसं सांगू? यादी लांब आहे: फ्यूजलाज, स्पार, रिब, एम्पेनाज, टॉर्क, डिफर, इन्स्पेक्शन, वायर लॉकिंग... मला सरकारी परिपत्रकातले शब्द नकोत. पोरांच्या तोंडी बसतील असे हवेत, आणि अर्थ सांडता कामा नये.

शब्दवेल्हाळ

मस्त धागा! वाचनखूण साठवली आहे.

सायकलला 'आवर्तन' म्हणता येईल.

चूल_आणि_मूल

आवर्तन म्हटलं की निफाडच्या पोरांना कालव्याचं पाणी आठवेल. :)

'खेप' का नको? पाण्याची खेप, मालाची खेप. गेलो आणि आलो, झाली एक खेप. "या विमानाच्या नव्वद हजार खेपा झाल्या." ऐकूनच कंबर दुखते.

लॉकवायर

खेप! ताई, घेतला. थकवा त्या शब्दातच आहे.

त्रागा

कशाला हा अट्टहास? जगभर हे शब्द इंग्रजीत आहेत, तसेच पाठ करू देत. उद्या ही पोरं एएमईच्या (विमान देखभाल इंजिनियरच्या) परीक्षेला बसली तर 'खेप' लिहिणार आहेत का?

शब्दवेल्हाळ

त्रागाराव, "इंग्रजीत आहेत" हेच तपासून बघा. यातले निम्मे फ्रेंच आहेत. विमानविद्येच्या सुरुवातीच्या काळात फ्रान्समध्ये खूप काम झालं, त्यामुळे शब्दही तिथलेच रुजले. आणि ते काही भारदस्त पारिभाषिक शब्द नव्हते, घरातले आणि शेतातले होते.

फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, हा 'फ्युझो' म्हणजे सूत कातायच्या चातीवरून आला. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं. एलेरॉन, पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, म्हणजे सरळ सरळ पिटुकला पंख. नासेल, ज्यात इंजिन बसतं ते, मुळात लॅटिनमधलं छोटं जहाज. आपली 'नाव' आणि लॅटिन 'नाविस' या सख्ख्या चुलत बहिणी, त्यामुळे नासेलला होडी म्हटलं तर नातं जुळतंच. आणि माझा सर्वांत लाडका एम्पेनाज, म्हणजे शेपटाचा सगळा पसारा, उभा आणि आडवा. बाणाला मागे पिसं लावण्याची जी क्रिया, तिच्यावरून. बाण भरकटू नये म्हणून पिसं आणि विमान भरकटू नये म्हणून शेपूट, काम तेच.

मराठीत याला 'पिसारा' म्हणायला कुणाची ना आहे?

(इंग्रजांनी आपला म्हणून दिलेला शब्द कॉकपिट. कोंबड्यांच्या झुंजीचा खड्डा!)

चूल_आणि_मूल

पिसारा +१००

बी_टू

मी नागपूरला लाइन मेंटेनन्सला आहे, एव्हिऑनिक्सवाला (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बघणारा). धागा वाचून रात्रपाळी बरी गेली. पण पिसाऱ्याबद्दल थोडा नाराज. मोर पिसारा फुलवतो, मिटतो. आपला स्टॅबिलायझर, शेपटाचा आडवा पंख, हलतो तो काही अंशच. पोरं विचारतील, "मग हा उघडतो कधी?"

शब्दवेल्हाळ

विचारू देत की. प्रश्न पडला म्हणजे शब्द कामाला लागला.

खिडकीची_सीट

मला यातलं काही कळत नाही, पण एक शंका बरेच दिवस आहे. मागे एका प्रवासात दारं लावायच्या आधी पायलट म्हणाला, "छोटासा टेक्निकल इश्यू आहे." वीस मिनिटांनी एक इंजिनियर वहीसारखं काहीतरी घेऊन आला, लिहिलं, सही केली, गेला. हातात पानासुद्धा नव्हता! आणि आम्ही उडालो. म्हणजे बिघडलेलं विमान नुसत्या सहीवर सोडलं का हो?

बी_टू

ताई/दादा, हा प्रश्न मला घरच्या प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतं.

विमानात बहुतेक महत्त्वाच्या गोष्टींना जोडीदार असतो, काहींना दोन. म्हणून एक पुस्तक असतं, एमईएल. कोणती वस्तू बंद असताना विमान सोडता येतं, कोणत्या अटींवर आणि किती दिवस, हे त्यात आधीच ठरलेलं असतं. निर्माता आणि नियामक मिळून मूळ यादी करतात, कंपनी त्याहून कडक करू शकते, सैल करू शकत नाही. त्या यादीत वस्तू नसेल आणि ती उड्डाणाच्या सुरक्षिततेशी संबंधित असेल, तर विमान जागचं हलत नाही.

मुदतही अक्षरांनी ठरते. बी म्हणजे ३ दिवस, सी म्हणजे १०, डी म्हणजे १२०. बिघाड नोंदला तो दिवस धरत नाहीत. ए ला ठरीव मुदत नसते, त्या-त्या नोंदीतच लिहिलेली असते. काही नोंदींपुढे 'एम' असतो. म्हणजे सोडण्याआधी इंजिनियरने काहीतरी प्रत्यक्ष करायचंच: व्हॉल्व्ह बंद स्थितीत कुलूपबंद कर, सर्किट ब्रेकर ओढून, तो पुन्हा दाबला जाऊ नये म्हणून त्याला कॉलर लाव. 'ओ' असेल तर वैमानिकाने वेगळी पद्धत पाळायची. मग त्या बटणापाशी 'इनऑप'ची, म्हणजे 'बंद आहे' अशी, चिठ्ठी लागते आणि लॉगबुकात सही. तुम्ही पाहिलीत ती सही बहुतेक याचीच. आम्ही याला 'डिफर केलं' म्हणतो.

खिडकीची_सीट

धन्यवाद. म्हणजे पुढे ढकललं.

निवृत्त_ओझरकर

'पुढे ढकललं' नको. त्यात चालढकलीचा वास येतो. कोर्टात म्हणतात ना, 'तहकूब'. प्रकरण बंद नाही, विसरलेलं नाही, पुढची तारीख लिहून दिलेली आहे. डिफर म्हणजे तहकूब.

लॉकवायर

ओझरकर, साष्टांग. एवढी वर्षं डिफर केले, हा शब्द सुचला नाही. (फरक एवढाच की आमची तारीख सहजासहजी वाढत नाही.)

बी_टूंच्या पोस्टला एक जोड. अक्षरांनी नवी पोरं हमखास गोंधळतात. एमईएलची सी म्हणजे १० दिवस. सी चेक म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांनी विमान हँगरात घेऊन आठवडा-दोन आठवडे, कधी जास्त, उघडून बघणं. आणि सी लायसन्स म्हणजे त्या मोठ्या कामाच्या शेवटी अख्ख्या विमानाची सही करणारा. तीन सी, एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आमच्याकडे नवीन लागलेला एक मुलगा "सीमध्ये टाकलंय" ऐकून विमान हँगरात आणायला टो ट्रॅक्टर घेऊन गेला होता. बिचारं विमान दिल्लीला जायला उभं, प्रवासी चढत होते.

त्रागा

हे माझ्याच बाजूचं झालं. अर्थ काटेकोर हवेत, म्हणून शब्द बदलू नयेत.

अनुवादिका

त्रागा यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा जास्त मजेदार आहे.

मी पुण्यात तांत्रिक लेखनाचं काम करते. विमानाची मॅन्युअल्स ज्या इंग्रजीत लिहितात ती तुमची-आमची इंग्रजी नाही. तिला सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. १९७०च्या दशकाच्या शेवटी युरोपातल्या विमान कंपन्यांनी कुरकुर सुरू केली की वाचणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी नाही, तुम्ही एकाच क्रियेला पाच शब्द वापरता आणि एका शब्दाचे पाच अर्थ घेता. १९८६ साली पहिली नियमावली आली. सामान्य शब्द जेमतेम नऊशेच्या आसपास, आणि एका शब्दाला एकच अर्थ. उदाहरणार्थ 'क्लोज' म्हणजे फक्त बंद करणे. 'जवळ' या अर्थी तो चालत नाही. 'फॉलो' म्हणजे मागून येणे, एवढंच. सूचना 'फॉलो' करता येत नाहीत, 'ओबे' कराव्या लागतात. आज्ञेचं वाक्य वीस शब्दांच्या आत, आणि एका वाक्यात शक्यतो एकच काम.

म्हणजे इंग्रजी काटेकोर आहे म्हणून मॅन्युअल इंग्रजीत आहे, असं नाही. इंग्रजीसुद्धा आधी छाटावी लागली. मराठीही छाटता येईल.

फक्त आपल्या भाषेत छाटायला कुठून सुरुवात करायची ते सांगते: "जरा बघून घे रे."

बी_टू

हाहाहा. रोज रात्री ऐकतो हे. "डाव्या चाकाचं बघून घे."

अनुवादिका

हो ना! नुसतं नजर टाक? तपास? दुरुस्त कर? का "तू तुझं काय ते निस्तर"? आणि आवाज चढवून म्हटलं तर धमकी.

लॉकवायर

अनुवादिका, तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. आमच्या धंद्यात 'बघणं' हे मोजूनमापून असतं. त्यावर थोडं लांबेन, कारण माझ्या मते पोरांना एवढं एक कळलं तरी तास वसूल.

पहिली पायरी जनरल व्हिज्युअल. हात लावता येईल इतक्या अंतरावरून, दिवसाच्या किंवा हँगरच्या उजेडात, लागलं तर टॉर्च किंवा शिडी घेऊन बघायचं. ढळढळीत काही दिसतंय का: गळती, चेपलेलं, सुटलेलं. यात जमिनीवर उभं राहून मान वर केली तर ते 'बघणं' झालंच नाही. चाळीस फुटांवरचा पिसारा खालून बघून सही करणारा मी पाहिला आहे आणि सुपरवायझरने त्याला पुन्हा शिडीवर चढवलेलाही पाहिला आहे.

दुसरी डिटेल्ड. ठरलेलाच एक भाग, जास्तीचा उजेड तिरपा पाडून, गरज पडली तर आरसा आणि भिंग. आधी पुसून घ्यायचं. मी बोटाचं नखही फिरवायचो. बारीक चीर डोळ्याला चकवते पण नख अडतं.

तिसरी स्पेशल डिटेल्ड. तिथे डोळा पुरत नाही. इंजिनच्या पोटात बोरोस्कोप घालतात, दवाखान्यात एंडोस्कोपी करतात तसाच. एकजण बाहेरून हाताने रोटर फिरवतो, दुसरा पडद्यावर एकेक पातं मोजत बघतो. किंवा धातूवर रंगीत पातळ द्रव सोडायचा, पुसायचा, वर पांढरी पूड. चिरेत शिरलेला रंग पुडीवर उमटतो. एडी करंट, अल्ट्रासाउंड, एक्स-रे हेही याच पायरीचे.

तिन्हींना मराठीत मी आजवर 'बघितलं' म्हणत आलो.

शब्दवेल्हाळ

नजर टाकणे, निरखणे, पारखणे. तीन पायऱ्या, तीन शब्द. पारखायला सोनाराला कसोटीचा दगड लागतो, म्हणजे डोळ्याबाहेरचं साधन आलंच.

अनुवादिका

'नजर टाकणे' फार सैल. तिथे 'पाहणी' घ्या. पाहणी, निरखणी, पारख. पाहणीला माणूस जागेवर तरी जातो.

लॉकवायर

पाहणी, निरखणी, पारख. वहीत लिहिले.

आणखी एक राहिलं. हल्लीच्या विमानांत बरेच भाग पत्र्याचे नाहीत, कॉम्पोझिटचे असतात. मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी, वर-खाली थर. आत थर सुटला तरी बाहेरून रंग झकास दिसतो. मग छोट्या हातोडीने टकटक करत आवाज ऐकायचा. टॅप टेस्ट. लाखो डॉलरची वस्तू आणि तपासणारा कानाने ऐकतोय, हे पोरांना खोटं वाटेल.

चूल_आणि_मूल

खोटं का वाटेल? माठ घेताना काय करतो आपण? टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर चीर आहे. एक माठ घेऊन जा शाळेत. दोन न्या, एक चिरलेला.

लॉकवायर

ताई, तुम्ही हँगरात हव्या होतात. चांगला भाग टणटण वाजतो आणि सुटलेला भाग 'बद्द' वाजतो, अगदी हाच शब्द आमचा शीट मेटलवाला म्हातारा मिस्त्री वापरायचा. "साहेब, इथं बद्द बोलतंय."

निवृत्त_ओझरकर

मी ओझरला एचएएलमध्ये होतो. १९६४ साली मिगसाठी कारखाना निघाला, वडीलही तिथलेच. आमच्याकडे रशियन माल, त्यामुळे सगळं मिलिमीटर आणि दाब किलो प्रति चौरस सेंटिमीटर. तुमच्या मुंबईकरांचे पाने इंची. एकदा एक पाहुणा इंजिनियर स्वतःची पेटी घेऊन आला आणि एकही पाना बसेना.

आणखी एक गंमत. पाश्चात्त्य विमानात क्षितिज दाखवणारं जे घड्याळ असतं, त्यात विमानाची खूण स्थिर आणि क्षितिज कलतं. जुन्या रशियन विमानात क्षितिज आडवंच राहतं, विमानाची खूण कलते. एकाला वाटतं जग वाकडं झालं, दुसऱ्याला वाटतं आपण. कोण बरोबर यावर आमच्या कँटीनमध्ये चहाचे किती कप संपले असतील.

लॉकवायर, टॉर्कला 'पीळ' म्हणा. गावात सगळ्यांना कळतो.

लॉकवायर

पिळावरून मात्र मी भांडणार, माझं टोपणनावच ते आहे.

बोल्ट घट्ट बसवायचा म्हणजे जोर लावायचा नाही. मोजून लावायचा. टॉर्क रेंच ठरलेल्या आकड्याला 'कट्' करतो, तिथे हात थांबला पाहिजे. कमी झाला तर सुटेल, जास्त झाला तर बोल्ट आतून ताणला जाऊन पुढे कधीतरी तुटेल. त्यानंतर कंपनांनी तो बोल्ट फिरू नये म्हणून स्टीलची बारीक तार बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून घालून, पीळ देत शेजारच्या बोल्टपर्यंत न्यायची. ही वायर लॉकिंग. नेहमीची तार ०.०३२ इंच जाड, इंचाला सहा ते आठ पीळ. कमी दिले तर ढिली, जास्त दिले तर तार स्वतःच कडक होऊन तुटते. शेवटचं टोक आत वळवायचं, नाहीतर पुढच्या माणसाचं बोट फाटतं (माझ्या उजव्या तर्जनीवर दोन खुणा आहेत). वापरलेली तार पुन्हा वापरायची नाही. आणि मुख्य म्हणजे दिशा: बोल्ट सुटायला लागला की तारेने त्याला घट्ट होण्याच्या बाजूला ओढलं पाहिजे. उलट बाजूने घातली तर दिसायला तीच सुंदर वेणी, काम शून्य.

आता टॉर्क पण पीळ आणि तार पण पीळ? "पीळ कमी पडला" म्हटल्यावर पोरगा रेंच घेईल की पक्कड? पीळ तारेचाच. टॉर्क टॉर्कच राहू दे.

त्रागा

अखेर एक शब्द वाचला!

पण खरं सांगा, सहा ते आठ, दिशा, रेंचचा आकडा... एवढं थोडं इकडेतिकडे झालं तर खरंच काही होतं?

बी_टू

१० जून १९९०, ब्रिटिश एअरवेजचं उड्डाण ५३९०, बर्मिंगहॅमहून मालागा. सतरा हजार फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर. केबिनमधल्यांनी पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउथॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसकट सगळे वाचले.

उड्डाणाच्या साधारण सत्तावीस तास आधी, रात्रपाळीत ती काच बदलली होती. ९० बोल्ट. त्यातले ८४ जाडीला ०.०२६ इंच कमी आणि उरलेले सहा लांबीला ०.१ इंच कमी. जुना बोल्ट हातात धरून नजरेने जुळवून घेतले होते. ०.०२६ इंच म्हणजे वहीची सात-आठ पानं. आणि मौज बघा, जो जुना बोल्ट नमुना म्हणून धरला, तोही मुळात चुकीच्याच लांबीचा होता. आधीच्या कुणीतरी बसवलेला.

आमच्या धंद्यात 'तसाच' हा शब्द नाही. पार्ट नंबर असतो.

चूल_आणि_मूल

बाप रे. काटा आला.

निवृत्त_ओझरकर

शब्दवेल्हाळ, फ्रेंच यादीत पितो राहिला. हा तर माणूस. आँरी पितो, १७३२ साली पॅरिसमध्ये सेन नदीचा वेग मोजायला वाकडी नळी बुडवली. तीच नळी आज विमानाच्या नाकाशी. पाण्याऐवजी हवा, एवढाच फरक.

तिचं वैर कुणाशी, सांगा बरं? कुंभारणीशी. ती काळी-पिवळी माशी, खिडकीच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात मातीची घरं करते ती. विमान उभं राहिलं आणि नळीवर टोपी घातली नाही की ही आत शिरते. फेब्रुवारी १९९६, डॉमिनिकन प्रजासत्ताक, बिर्गेनएअरचं बोइंग ७५७. काही दिवस उभं होतं. नळी बंद झालेली, बहुधा अशाच माशीमुळे. वेगाचा काटा खोटं बोलला, १८९ जण गेले.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पेरूमध्ये बरोबर उलट. विमान धुताना बाजूच्या स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकांवर, चिकटपट्टी लावली, ती काढायची राहिली. रात्रीची वेळ, खाली समुद्र, उंची खोटी, वेग खोटा. ७० जण. तेही ७५७.

एकीकडे झाकण घातलं नाही, दुसरीकडे काढलं नाही. ती लाल फडफडणारी 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट'ची पट्टी असते ना, तिचं भाषांतर नाही केलं तरी चालेल. ती दाखवा.

लॉकवायर

एक पट्टी आहे माझ्याकडे, निरोपाच्या दिवशी पोरांनी दिलेली. नेतो.

घराच्या छपराचंही जमवलंय. पंखाच्या आत लांबीला स्पार असतो, त्याला आडव्या रिब, वर पत्रा. तुळई, वासे, पत्रा. कौलारू घरात राहणाऱ्याला पंख समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की आपल्या तुळईवर भार वरून येतो आणि पंखाच्या तुळईला हवा खालून उचलते. ओव्हरहॉल, सर्व्हिसेबल, एओजी वगैरे सोडून देतो. ब्लॅक बॉक्स काळा नसून नारिंगी असतो, हे त्यांना आधीच माहीत असेल, यूट्यूबकृपेने.

शनिवारी तास आहे. सांगतो काय झालं ते.

लॉकवायर

मंडळी, झाला तास. तासाचे दोन झाले.

'खेप' पहिल्या झटक्यात गेला. एक मुलगी म्हणाली, "मग आमची एसटी पण रोज चार खेपा करते, ती का नाही फुगत?" तिलाच फळ्यापाशी बोलावून फुगा फुगवायला दिला. 'तहकूब' कुणालाच कळला नाही! कोर्टाची पायरी चढलेलं कुणी नव्हतं, ही चांगलीच गोष्ट. शेवटी हेडसर म्हणाले, "गृहपाठ शिल्लक आहे, तारीख ठरलेली आहे, वहीत शेरा आहे." तो त्यांना फारच कळला. पिसाऱ्यावर बी_टूंचा प्रश्न शब्दशः आला, "उघडतो कधी?" मी शब्दवेल्हाळांचं नाव घेतलं.

माठाने बाजी मारली. डोळे बांधून चिरलेला ओळखायचा, असा खेळच झाला. दुसऱ्या माठाला त्या भानगडीत खरोखर चीर गेली.

मग तार. मी बारा पकडी आणि एका फळीवर बसवलेले भोकाचे बोल्ट नेले होते. सगळी द्राक्षवाल्यांची पोरं, मांडवाच्या तारा आवळत मोठी झालेली. हात असे चालले की मीच बघत राहिलो. इंचाला सात पीळ, एकसारखे. आणि बारातल्या नऊ जणांनी दिशा उलटी घातली. मी काही न बोलता बोल्ट डावीकडे फिरवून दाखवला, तार सैल पडली. कापायला लावली, नवी तार दिली. "सर, हीच सरळ करून घालू का?" नाही म्हणजे नाही.

निघताना पकडी मोजल्या तर अकरा. घंटा झाली होती, रिक्षावाला दाराशी हॉर्न देत होता, हेडसर म्हणाले, "जाऊ द्या हो, सोमवारी मिळेल." मी म्हटलं, हँगरात एक पाना कमी भरला तर विमान सुटत नाही, मग अख्खी रात्र गेली तरी बेहत्तर. दार लावून घेतलं. बाकं उलटी झाली, दप्तरं झाली, खिडकीबाहेरचं गवतसुद्धा झालं. पाहणी, निरखणी, दोन्ही.

पक्कड माझ्याच खिशात होती. मागच्या.